गवताच्या गाडीची गाठ

मामा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या लेकीचेही केस पांढरे झाले. आज भर सकाळी, अंगणात पाहुण्यांची गर्दी असताना, मी दार लोटून तुम्हाला लिहायला बसलो आहे. बाहेर बैलगाडी भरते आहे. तुमच्या नातीचं, आमच्या मुलीचं, लग्न झालं. तिची भांडीकुंडी, पेटी, गाद्या कल्याणहून कोपरीला सासरी जायच्या आहेत. आभाळ भरून आलं आहे, म्हणून वर ताडपत्री घालून दोर आवळायचे आहेत, आणि त्यासाठी सगळे मलाच हाका मारताहेत. त्यांचं काय चुकलं? हा लौकिक तुम्हीच माझ्या गळ्यात बांधून गेलात.

पहिल्या दिवाळसणाला मी कोलशेतला आलेलो. मुंबईच्या घोड्यांसाठी गवत भरून तुमची गाडी ठाण्याच्या मालधक्क्यावर निघाली होती. तुम्ही ताडपत्रीवरून दोर टाकत होता, मी जरीचा रुमाल बांधून उभा, आणि दारातून तुमची लेक बघत होती. तेवढं मला पुरलं. मी दोर मागितला. "ऱ्हाऊ द्या, जावयबापू," तुम्ही म्हणालात, "तुमी पावणे. हात सोलतील." मी हसलो. "अहो मामा, आमच्या दुकानात पोत्यांची तोंडं कोण बांधतं? मीच!" हे लिहितानाही कानशिलं तापतात. पोतं बांधलं की गप्प बसतं. गवत वाटभर दबत जातं आणि दोर सैल पडतो, हे मला कुठे ठाऊक होतं? मागच्या कोपऱ्याला मी आमच्या दुकानातली गाठ मारली. तुम्ही गाठीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "झ्याक," म्हणालात. जावयाची गाठ त्याच्या देखत सोडणं तुमच्यानं होणार नव्हतं. मला पुढे मेहुण्याशेजारी बसवून तुम्ही मागे गवतावर चढलात. "वर वारा लागतो," म्हणालात.

वाटेत मोठी सर येते. मी मेहुण्याला दुकानाच्या गप्पा सांगतो आहे, तो बैल हाकतो आहे, मागे वळून कुणीच बघत नाही. मालधक्क्यावर व्यापाऱ्याचा मुकादम ताडपत्रीखाली हात घालतो आणि म्हणतो, "कोरडं आहे की! जागचं हललंसुद्धा नाही." तुम्ही नखशिखांत भिजलेले, उजवा हात पाठीमागे. "आमच्या जावयानं बांदलंय," तुम्ही म्हणता. आणि मी छाती फुगवून उभा राहतो.

संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर पानावर बसला नाहीत. उपास आहे म्हणालात. दिवाळीत कसला उपास? मग तुमच्या लेकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. गाठ गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात सुटली होती. तो काथ्याचा दोर पंजाला गुंडाळून तुम्ही ठाण्यापर्यंत ओढून धरला होता. तळव्याची साल निघाली होती, घास उचलवत नव्हता. गाडी थांबवून पुन्हा बांधली असती तर मला दिसलं असतं. "तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. मी ओटीवर आलो. तुम्ही हाताला हळदीचं फडकं बांधून बसला होता, आणि मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. तिनं बजावलं म्हणून गप्प बसलो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला ते कौतुक परत द्यायचं नव्हतं. लाज वाटते, मामा.

मेहुण्याला यातलं अजून काही माहीत नाही. प्रत्येक लग्नात तो ती गोष्ट सांगतो, आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. आत्ताही तोच दाराशी ओरडतो आहे, "भावजी, चला! तुमच्याबिगर कोन बांधनार?"

गवताच्या गाडीचीच काय, गाद्यांच्या गाडीचीही गाठ मला येत नाही. तुम्ही होता तोवर शिकवा म्हणालो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं. मघाशी तुमच्या लेकीकडे हळद आणि फडकं मागितलं. तिनं काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. डाव्या तळहातावर नीट बांधून दिलं. आता बाहेर जाऊन सांगणार आहे की हात सोलला आहे, दोर धरवत नाही, तुम्हीच बांधा. मामा, फडक्याखाली माझ्या हाताला काहीही झालेलं नाही.