सोमवारी सकाळी अकराची वाळू

तीर्थरूप मामांच्या पायांशी (दुखऱ्या गुडघ्याला वळसा घालून) भाचीचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य पत्राच्या शेवटापर्यंत टिकेलच असं नाही, पण सुरुवात रीतसर झालेली बरी. मामींचा खोकला कसा आहे? आणि तुमचा रुसवा? त्याला आता आठ महिने झाले. आपल्या कुऱ्हाडीखालची पाटी बदलेपर्यंत संग्रहालयात पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही पहारेकऱ्यासमोर जाहीर केलंत. तो बिचारा अजून मला विचारतो, मोठे साहेब कधी येणार?

नदीच्या दरडीतून तुम्ही काढलेली ती दगडी कुऱ्हाड तुमच्या मते आद्य पुराश्मयुगाची, निदान तीन लाख वर्षांची. आमचे साहेब म्हणतात मध्य पुराश्मयुग, फार तर दीड लाख, आणि पाटीवरही तेच लिहिलंय. ज्याने ती घडवली त्याला आपण आद्यमधून मध्यमध्ये कधी गेलो याचा पत्ताही नसेल. तो आपला दगडाच्या कपच्या उडवत बसला असेल आणि बायको जेवायला हाका मारत असेल. तारखा तरी कसल्या, तर अधिक-उणे वीस हजार वर्षं! एवढ्यात माणसाचा सगळा लिहिलेला इतिहास तीन-चार वेळा सहज मावतो. आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की मला घड्याळ दाखवणारे तुम्हीच ना?

असो. भांडण मिटवायला म्हणून तुम्ही गेल्या वर्षी त्याच थरात लोखंडी नळी ठोकून वाळू भरून आणलीत. (मामींना समजेल असं सांगते, कारण पत्र आधी त्याच फोडणार. गाडलेली वाळू अंधारात पडून असते, आणि तिने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे यंत्राला कळतं. थराचं वय म्हणजे तेवढीच वर्षं. पण तिला पुन्हा उजेड लागला की मागचा सगळा हिशेब पुसला जातो. म्हणून नळी उघडायची ती फक्त मिणमिणत्या लाल दिव्याच्या खोलीत.) गेल्या आठवड्यात संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत अखेर आपल्या नळीचा नंबर लागला.

आता असं झालं की, आमच्याकडे एक बाई आहे. कामसू आहे, स्वभावाने गरीब आहे. नळीवरचा थराचा आकडा ओलीने पुसट झाला होता. कोणे एके काळी तिला एका मोठ्या माणसाने शिकवलं होतं की, माती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिने नळी उघडली आणि खिडकीतल्या लख्ख उन्हात, पांढऱ्या कागदावर वाळू ओतून रंग नीट पाहिला. रंग अगदी बरोबर होता. तीन लाख असो की दीड लाख, ती वाळू आता सोमवारची आहे, अधिक-उणे पाच मिनिटं. इतकी अचूक तारीख आमच्या प्रयोगशाळेने आजवर दिलेली नाही. साहेब हसलेसुद्धा नाहीत. ते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "त्यांना कोण सांगणार?"

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची

ता. क. ती बाई मीच, हे तुम्ही दुसऱ्या ओळीलाच ओळखलं असेल. मामा, मला फार वाईट वाटतंय.

ता. क. दोन. पंधरा तारखेला त्या दरडीला सिमेंटची भिंत घालणार आहेत. नळीचं जुनं भोक पुरात ढासळलं. तुमच्या वहीत जागा लिहिली आहे ती अशी: "झाडापासून चौदा पावलं, गोट्यांच्या थराच्या वर दोन विती." झाड पडलं, बुंधा आहे. पण पावलं आणि विती तुमच्याच लागतील. माझ्या चौदा पावलांनी मी सरळ नदीत गेले. तेव्हा बुधवारी या. शिडीवर चढून नवी नळी मी ठोकेन, साहेब काळं कापड धरतील. ते आपणहून म्हणाले.

ता. क. तीन. नळी वाया गेली तेव्हा आधी रडू आलं आणि मग, खोटं कशाला बोलू, थोडं हायसं वाटलं. निकाल तुमच्याविरुद्ध गेला असता तर तुम्ही इकडे पुन्हा कधीच फिरकला नसतात, आणि मला करमत नाही. तरी या. हरलात तर मी तुमच्या बाजूने साहेबांशी कडाकडा भांडेन. जिंकलात तर मात्र साहेबांची बाजू घेईन, कारण तुम्ही दुपारच्या गाडीने घरी जाल आणि मला त्यांच्यासमोर बसून नवी पाटी लिहायची आहे.