वरच्या खणातली मेणबत्ती

पोयाना, बुकोविना
२ सप्टेंबर १९८६

चि. मिनोदोरा हिला तोआदेरदादाचे अ. उ. आ. (मठात गेलेल्या धाकट्या बहिणीला आशीर्वाद द्यायचा की तिच्याकडून घ्यायचा, हे मला अजून कळलेलं नाही.)

तुझं पत्र पोचलं. पाकिटाला दोनदा डिंक लागला होता. एकदा तू लावलास, एवढं नक्की.

आई रविवारी मठात येतेय. तुला एक काम सांगतो. आपला भाऊ इलारिए सरहद्दीवरच्या डॅन्यूब नदीकडे गेला, त्याला चार वर्षं झाली. नदीत बुडाला असं ठाण्यातून कळवलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. तरी आई दर सणाला त्याची मेणबत्ती वरच्या खणात, जिवंतांच्या रांगेत लावते. गावातल्या बाया टोमणे मारतात, म्हणे पोराच्या नावाने अजून घासभर गोड गहूसुद्धा वाटले नाहीत. मी श्राद्धाचे गहू आणून ठेवलेत. मेणबत्ती एकदा खालच्या, मेलेल्यांच्या खणात लागली की मी ते शिजवायला मोकळा. माझं ती ऐकत नाही, तुझा काळा झगा बघून तरी ऐकेल.

लोभ आहेच. वाढावा म्हणून आईबरोबर चीज पाठवतोय.

तुझा,
तोआदेर

---

मठ, ९ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आई आली. चीजही पोचलं, अर्धं मठाच्या मोठ्या बाईंनी ठेवून घेतलं.

देवळात जायच्या आधी आई पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबली. शेवटच्या निवाड्याच्या चित्रात मासे बुडालेल्यांना तोंडातून परत देतात, तिथे. तो मिशाळ मासा आठवतो ना? इलारिएने त्याचं नाव 'मामा वासिले' ठेवलं होतं, आणि आपण तिघं हसून हसून लोळलो होतो. आईने त्याच्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, हा सगळ्यांना परत देतोय, मग माझ्याच पोराला मेलेल्यांत घालायची तुम्हाला एवढी घाई का झालीय?

मी तिला समजावलं. तिने मेणबत्ती खालच्या खणापर्यंत नेली, आणि पुन्हा वरच लावली.

दादा, मीही थकले. तुझंच बरोबर वाटतं. शनिवारी मी स्वतः खाली लावते. तू गहू शिजव.

आईला जप. तिच्यापुढे रडू नकोस, मी इथे रडून घेतलंय.

मिनोदोरा

---

मठ, १२ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

गहू भिजवू नकोस.

काल परदेशी प्रवाशांची बस आली. त्यातला एक उंच माणूस भिंतीवर काहीतरी शोधत होता. आपल्या भाषेतले त्याला तीनच शब्द येत होते. मला विचारलं, मामा वासिले कुठाय?

हे नाव आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे, तूच सांग. मी त्याला मासा दाखवला. त्याने फोटो काढला, एक मेणबत्ती घेतली आणि मी खण दाखवायच्या आधीच वरच्या खणात लावली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. ज्या भिंतीला हात लावला म्हणून मी रोज लोकांवर ओरडते, तिलाच धरून उभी राहिले.

जास्त लिहीत नाही, पोस्टाचा डिंक महाग झालाय.

मिनोदोरा

---

पोयाना, १९ सप्टेंबर

चि. मिनोदोरा हिला अ. उ. आ.

गहू कोंबड्यांना घातले. आईने विचारलं, चांगले गहू असे का उधळतोस? मी एवढंच म्हणालो, मामा वासिलेला कुणीतरी भेटून गेलं. ती पायरीवर बसली. रुमालाने कितीतरी वेळ डोळे पुसत होती. मग म्हणाली, मला काय सांगतोस, मी कधी खाली लावली होती का?

लोभ असू दे. सणाला मीही येतोय. आईचा हुकूम आहे, मेणबत्ती नंतर, आधी भिंतीपाशी जाऊन मामा वासिलेची माफी मागायची.

तुझा,
तोआदेर