इंजिनावरचे पंचवीस

सूरजचे पप्पा,

चहा थर्मासात आहे. नावेसाठी तुम्ही विकत आणलेल्या इंजिनाची पेट्रोलची नळी मी काढून सोबत नेली आहे. ओरडू नका, आधी पूर्ण वाचा.

इंजिनाच्या पाटीवरच्या नंबरात सुरुवातीला २५ दिसलं, म्हणून तुम्ही इंजिन पंचवीस सालचं समजलात. ट्रॅक्टरवर लिहितात तसं झाकणावर ‘मॉडेल २०२५’ रंगवूनही आणलंत. पंचवीस ही त्याची ताकद आहे, हॉर्सपॉवर. साल शेवटच्या दोन अक्षरांत असतं. उजनीच्या मेकॅनिकनं काल फोनवर सांगितलं, कंपनीचा दहा अक्षरांचा एक इंग्रजी शब्द आहे, एकेका अक्षराला एकेक आकडा. मंठ्याच्या दुकानात कामाला असताना आम्ही साडीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव असाच लपवायचो, म्हणून मला लगेच कळलं. आपलं इंजिन त्र्याण्णवचं आहे.

नंबरातला मधला L म्हणजे पंख्याचा लांब दांडा. आपली नाव बुटकी. पंखा अर्धी वीत जास्त खाली जाईल आणि दुधना नदीत बुडालेल्या बाभळींच्या खोडांवर आपटेल.

विकणारा खोटं बोलला न्हाई, तुम्ही विचारलंच न्हाई. मला मात्र म्हणालात, “तुला काय कळतं मशीनमधलं?” मंग आता मीच त्या विकणाऱ्याकडं जाऊन आखूड दांड्याचं बदलून मागते.

शाळेची नऊ पोरं आज वल्ह्यानंच पलीकडं न्या. उशीर झाला म्हणून गुरुजी बोलले तर माझं नाव सांगा. आपल्या मोनालीला मधल्या फळीवर बसवा, तिला पोहता येत न्हाई.

बदलून मिळालं न्हाई तर उद्यापासून वल्हं मी मारीन. पण माझी पोरगी त्या इंजिनावर जाणार न्हाई.

दैवशाला