साहेब बघायला येणार म्हणून

प्याऱ्या अम्मीस सुरतेहून सरफराजचा सलाम.

मी हितं मजेत आहे. फोनवर तू नुसतं "व्हय, व्हय" म्हणतेस, म्हणून लिहितोय.

टेंभुर्णीत गारांनी आपले सिमेंटचे पत्रे फुटले, हे धाकट्या फिरदोसनं सांगितलं. विम्याचा साहेब बघायला येणार म्हणून तू फुटके तुकडे झाडून उकिरड्यावर टाकलेस. अगं, तो पाहुणा न्हाय, त्याला तेच बघायचंय. ते गोळा करून आण.

पण भोकांवर ताडपत्री टाकायला तू वर चढलीस, हे ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तडकलेला पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडला की तुटतो. अब्बा असेच पडून गेले की.

घर गळू दे. तुझा दुखरा गुडघा कसा आहे?

विमा पत्र्यांचा आहे अम्मी, तुझा नाही.

तुझाच,
सरफराज