जहाज तुझ्या हाती

४ फेब्रुवारी

ती. ताईस भिंगरीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघूनच तू कपाळाला हात लावला असशील, की हा आता कुठलं काम सोडून बसला. बरोबर ओळखलंस. गॅरेज सोडलं. मालकाचं आणि माझं जमेना. पण रागावू नकोस, या वेळी लागलंय ते काम काही औरच आहे.

तुला ती अंतराळजहाजाची मालिका आठवते? आणि तिच्यातला कप्तान? छाती पुढे, मान ताठ, आणि बोलणं असं की जणू सगळे ग्रह ह्याच्या वडिलांनीच बांधून ठेवलेत. तर ताई, ते जहाज खरं आहे. म्हणजे प्लायवूड आणि पत्र्याचं खरं. एका मोठ्या शेडमध्ये ठेवलंय, लोक तिकीट काढून बघायला येतात. बटणं म्हणजे बाटल्यांची रंगवलेली बुचं. ती पुसायचं काम माझं. समोरच्या मोठ्या खिडकीतले तारे इथल्या रंगाऱ्यानं केलेत, काळ्या पडद्यावर टूथब्रशनं पांढरा रंग शिंतडून.

कप्तानही खरा आहे. तोच नट, आता म्हातारा झालाय. गणवेश घालून मधल्या खुर्चीत बसतो आणि लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. स्वतःच्या नावाला ओ देत नाही. चहा नेला तर म्हणतो, या पेयास आमची हरकत नाही. मला खलाशी म्हणतो. तोरा असा की माशी बसली तरी तिनं आधी परवानगी घ्यावी.

मालिकेतली एक रीत मात्र तो अजून पाळायला लावतो. लघवीला उठला तरी समोरच्याला म्हणणार, जहाज तुझ्या हाती. त्यानं उत्तर द्यायचं, जहाज माझ्या हाती, आणि खुर्चीत बसायचं. म्हातारा येऊन परत मागेपर्यंत उठायचं नाही. कोणी उत्तर दिलं नाही तर बिचारा पोट दाबून बसून राहतो. बाकीचे कंटाळलेत, मी आपला दर वेळी हो म्हणतो. तेवढंच बूड टेकायला मिळतं.

बाबांना नमस्कार. माया आहे तेवढीच ठेव, ओरडा थोडा कमी कर.

तुझा भिंगरी


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. बसून पगार मिळेल असं काम तुला लागलं हे बघायला मी जिवंत राहिले, हेही नसे थोडके.

आता थट्टा बाजूला. बाबा न्हाणीघरात पडले. डावा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालंय. डॉक्टर म्हणाले, सांभाळा, पण फार दिवस धरून चालू नका. मी भरवते, पुसते, कूस बदलते. ते पाणी माझ्याकडे मागतात आणि दाराकडे बघून विचारतात तुला. शिलाईचं मशीन झाकून ठेवलंय, गिऱ्हाइकं येऊन परत जातात. तक्रार करत नाही. पण मीही हाडामांसाचीच आहे रे.

मिळेल त्या गाडीनं निघ. त्यांची नजर ओळखती आहे तोवर ये.

पत्राऐवजी तूच दारात दिसावास, एवढंच मागणं.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी कप्तानाच्या खुर्चीत बसून लिहितोय. आधी सगळं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी शेड बंद व्हायच्या वेळी म्हातारा उठला. जहाज तुझ्या हाती म्हणाला, मी नेहमीसारखं उत्तर दिलं. पण तो मुतारीकडे गेला नाही. फाटकाबाहेर पडला आणि सरळ चालू लागला. मी हाका मारल्या, वळला नाही. सकाळी कळलं, कप्तान रात्री आपल्या खोलीत वारला. गणवेशाची सगळी बटणं लावलेली होती म्हणे.

वाईट वाटलं. मग तुझं पत्र आलं आणि मी पिशवी भरून स्टेशन गाठलं. तिकिटाच्या रांगेत होतो तर रंगारी अनवाणी धावत आला. म्हणाला, तू बाहेर पडलास आणि शेडची जमीन कलली. बादल्या, शिडी, तिकीट काढून आलेली माणसं, सगळं घसरत एका भिंतीला जाऊन लागलं. मला ओढतच नेलं. मी खुर्चीत बसलो आणि जमीन हळूहळू सपाट झाली, तराजूचं पारडं यावं तशी.

शेडचे मालक, आमचे साहेब, म्हणाले, पाया खचला. गवंडी आणला. त्यानं सगळीकडे पाणसळ लावून पातळी बघितली, कुठं केसाएवढी भेग नाही. तो बघत असतानाच मी मुद्दाम उठलो. त्याची थापी घरंगळत गेली आणि तोही पळाला.

आता मी ज्याला त्याला म्हणतोय, जहाज तुझ्या हाती. कोणी उत्तर देत नाही. एरवी सगळ्यांवर गुरकावणारे साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. रंगाऱ्यानं हात जोडले, म्हणाला पोरंबाळं आहेत. जेवण तोच आणून देतो. बाकीच्याचं विचारू नकोस, बादली आहे.

पायाखाली घरघर असते. खाली इंजिन नाही ताई, रंगाऱ्याला वाकून बघायला लावलं, नुसत्या फळ्या आहेत. आणि पडद्यावर एका ठिकाणी त्याचा ब्रश घसरला होता, तिथं एका ताऱ्याचा ओघळ झालाय. रंगाऱ्यानं त्याच्याभोवती पेन्सिलनं गोल काढला. आज तो ओघळ गोलाच्या बाहेर आहे.

मी, ज्याला एका जागी बसवत नव्हतं, तो आता बसून आहे. बाबांना सांग, पोरगा यायला निघाला होता. खोटं नाही ते.

मला सोडू नकोस.

भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शाळेत जायचं नसलं की तुझं पोट दुखायचं. आता जमीन कलते. बाबांना तसं पडलेलं बघायची छाती होत नाही, असं सरळ लिहायचं होतंस, मी समजून घेतलं असतं.

शेजारची नर्स दोन दिवस बाबांजवळ राहायला तयार आहे. मी येतेय. त्या खुर्चीतून तुला कान धरून उठवते. मग बघू कोणाचं जहाज बुडतं ते.

ताई


१६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी पोचलो. बाबांनी ओळखलं. चांगल्या हातानं माझं बोट धरलं ते मला झोप लागेपर्यंत सोडलं नाही. हे तुझ्यामुळे झालं, ते कसं फेडू.

तू आत आलीस, साहेबांना असं झापलंस की ते उभे राहिले, हे मी बाबांना सांगितलं. ते मात्र सांगितलं नाही, की मी नको नको म्हणत होतो, ताई तू उत्तर देऊ नकोस म्हणत होतो. पर्स खाली ठेवून तू म्हणालीस, जहाज माझ्या हाती, आता घरी जा. दुधाचं पातेलं हातातून काढून घ्यावं तसं म्हणालीस. जमीन हललीसुद्धा नाही. दारातून मागे वळून बघितलं तर तू खुर्चीला पाठ टेकून बसली होतीस, दोन्ही हात रिकामे. तुला असं बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

तू दिवसभर काय काय करत होतीस ते आता कळतंय. पहिल्या दिवशी निम्मं जेवण मी बाबांच्या गळ्यावर सांडलं. सोमवारी नर्स येईल, मी गाडीत बसेन आणि येऊन जहाज परत मागेन. तोवर जपून राहा.

तुझाच,
भिंगरी


तारीख इथं कळत नाही

चि. भिंगरीस अ. उ. आ.

जहाजावर सर्व क्षेम. बाबांची भेट झाली हे वाचून आम्हांस संतोष वाटला. त्यांचं औषध जेवणानंतर द्यावं, आधी नाही. कूस बदलताना खांद्याखाली हात घाल, ओढू नकोस.

इकडे येण्याची तसदी घेऊ नये. तू परत मागितलंस तर आम्ही जहाज देऊ की नाही, हे आम्हांसही सांगता येत नाही. इथं कोणी पाणी मागत नाही. खिडकी फार मोठी आहे रे.

ताई


२५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राआधी रंगाऱ्याचं आलं. सकाळी शेड उघडली तर आत काही नाही. प्लायवूड नाही, पत्रा नाही, पडदा नाही. जहाज होतं तिथं धुळीशिवायची चौकोनी जागा तेवढी आहे. साहेबांनी चोरीची तक्रार केलीय. एवढं धूड कोण खांद्यावर टाकून नेणार, असं पोलिसांनी विचारलं म्हणे.

तुझं पत्र पोस्टमननं आणलं नाही. दुपारी उंबऱ्यावर पडलेलं होतं, बर्फातून काढल्यासारखं गार. उचलताना बोटं चिकटली. मी पिशवी भरून ठेवली होती, ती रिकामी केली. आता कुठल्या गाडीत बसू?

बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं रडतील. ते अर्ध्या तोंडानं हसले. मग खूप वेळ लावून, एकेक शब्द जुळवून म्हणाले, की पोरगी बाजाराच्या पलीकडे कधी गेली नव्हती, आणि कुठं जायचंय का असं तिला आपण कोणी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी खाट खिडकीशी ओढायला लावली.

मी इथंच आहे. बाबा आहेत तोवर हलत नाही, आणि नंतरही तुझं पत्र यायला कोणीतरी घरात हवं. हे पत्र त्याच उंबऱ्यावर ठेवतो. उत्तर लांबलचक नको. तिथून खाली बघितलं तर आपलं घर दिसतं का, एवढंच कळव. बाबा रात्रभर दिवा चालू ठेवायला सांगतायत.

इथली माया तिथवर पोचत असेल तर पोचू दे.

तुझा
भिंगरी