कोरडे टॉवेल

जोसेफदादा,

आई घरात नाही म्हणून गावभर शोधत फिरू नकोस. तू ऊसतोडीला गेल्यावर डोळ्यांच्या शिबिराची गाडी आली आणि या खेपेला मी तुला न विचारता तिला बसवून नवापूरला नेलं. मोतीबिंदूच होता, अर्ध्या तासात निघाला. तीन वर्षं आपणच ती गाडी दारातून परत पाठवली. तिला दिसायला लागलं, तर आपला भाऊ दलपत आता नाही हे कळेल, म्हणून. रोज त्याचा सदरा घालून, त्याच्या आवाजात तिच्याशी तूच बोलायचास ना? आता तो सदरा घालून येऊ नकोस.

आज सकाळी पट्टी काढली. आईने माझं तोंड चाचपलं, ओळखलं. मग माझ्या मागच्या रिकाम्या दाराकडे बघून हसली.

"दलपत, आत ये रे."

मला वाटलं, सवयीने बोलते आहे. पण तिने पदर पुढे केला. "आधी डोकं पूस. किती भिजलास!"

दादा, तो धरणात बुडाला हे आपण तिला कधीच सांगितलं नाही.

तिचं लुगडं न्यायला आले होते, परत जाते. भाकरी टोपलीत आहे. नवापूरला येताना विसरवाडीहून दोन कोरडे टॉवेल घे. माझ्याजवळचे दोन्ही भिजले.

रिबेका