आईच्या वाक्यातला 'नो'

मंगळवार, ७ मे

काल इथे आईचं वाक्य चुकीचं उतरवलं. 'बाबांनाच आम्ही नो कुमासीला आणलंय' असं लिहिलं. आज तिचा तो आवाजी निरोप पुन्हा ऐकला — 'नो' नाहीच! आई म्हणते, 'बाबांनाच आम्ही कुमासीला आणलंय.' मधला 'नो' माझ्या कानाने घातला, सवयीने. लेगॉनला विद्यापीठात येऊन चार वर्षं भाषाशास्त्र शिकतेय आणि स्वतःच्या आईचं वाक्य दुरुस्त करून लिहिते. लाज वाटली.

पण आईने तो गाळला कसा? आमच्या भाषेत माणसाला वाक्याच्या तोंडाशी आणलं की त्याच्या मूळ जागी 'नो', म्हणजे 'त्याला', ठेवावाच लागतो. जागा मोकळी सोडतात ती वस्तूंची.

बाबांचा आवाज ईस्टरपासून ऐकलेला नाही. कुमासीच्या इस्पितळात आहेत, घशात नळी आहे, बोलायचं नाही, असं मामा सांगतो.

बुधवार, ८ मे

हा नियम मला शाळेने नाही, बाबांनी शिकवला. अंगणातल्या बाकावर. "कोनाडू, ऊठ, पुढे ये." मी पुढे गेले की माझ्या जागी ते स्वतःची चप्पल ठेवायचे. "हा 'नो'. तू इथली आहेस हे विसरायला नको." मग किटली पुढे आणायचे. तिच्या जागी काही नाही.

धाकटा सियाव विचारी, "आणि कोंबडी?"

"जीव आहे ना तिला? मग ठेव चप्पल!"

तो चप्पल घेऊन कोंबडीमागे पळत सुटला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मास्तर, तुमचं व्याकरण माझी अंडी फोडणार आहे!"

माझा सगळा प्रबंध त्या एका चपलेवर उभा आहे. बावीस तारखेला तोंडी परीक्षा. बाबा पहिल्या रांगेत बसणार होते.

गुरुवार, ९ मे

माझ्या मार्गदर्शक बोआडी मॅडमना वाक्य दाखवलं. कुणाचं, ते सांगितलं नाही. त्या खुर्चीतून उठल्याच! "अगं, सोनं सापडलंय तुला! हा अपवाद प्रबंधात हवाच."

मग फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं — 'आपल्या आईला प्रत्येक मूल ओळखतं.' 'आपल्या' म्हणजे कुणाच्या? 'आपल्या आईला' परत 'प्रत्येक मूल'च्या नंतर नेऊन ठेवल्याशिवाय उत्तर मिळत नाही. "पुढे आणलेला शब्द पुढे नुसता ऐकू येतो, कोनाडू. अर्थ लावायचा तो जिथून निघाला तिथे. या बाईने माणूस पुढे आणलाय, पण त्याच्या जागी जाऊन बघ — तिथे तिने त्याला वस्तू धरलंय. का? तिलाच विचार."

विचारते म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर बसले.

शुक्रवार, १० मे

आईला फोन केला नाही.

शनिवार, ११ मे

माझ्या खोलीत राहणारी दुफिए ठेच्याशी केंकीचा मक्याचा गोळा खात होती. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "माणसाबद्दल बोलताना 'नो' गाळशील का गं?"

"वेडी आहेस का? आमच्या मामाच्या बोकडालासुद्धा 'नो' लागतो. आणि तो तर नाताळात रश्शात जायचाय!"

"आणि रश्शात गेल्यावर?"

ती खदखदून हसली. "तेव्हा कसला 'नो'! मटणच ते."

मग माझ्याकडे बघितलं. बोटं मिरचीच्या ठेच्यातच राहिली. "कोनाडू — हे कुणाबद्दल विचारतेयस तू?"

मी अभ्यासाचं आहे म्हटलं. तिने हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तेच वाईट वाटलं.

एका वाक्यावरून काही सिद्ध होत नाही! आई दमलेली असेल. इस्पितळात गोंगाट असेल, 'नो' त्यात बुडाला असेल. मी पुराव्याशिवाय बाबांना — नाही, लिहिणार नाही.

पण आमच्याकडे मयताची बातमी सवडीने सांगतात, हे मला ठाऊक नाही का? आफ्राकोमाताईचे सासरे गेले, ते तिचं बाळंतपण होईपर्यंत तिला कळू दिलं नव्हतं. घरातली सगळी तिच्याशी हसत बोलायची. सराईतपणे!

रविवार, १२ मे

चर्चहून आल्यावर आईला फोन लावला. "आई, अभ्यासाचं विचारायचंय. मी वाक्यं सांगते, 'नो' लागेल का ते सांग."

"एवढी शिकलीस आणि अजून मलाच विचारतेस?" आवाज जरा मोकळा झाला.

खुर्चीचं वाक्य दिलं. "नाही लागत."

नव्या पाद्रीसाहेबांचं दिलं. "लागणार की, खुर्ची आहेत का ते? बसले की हलत नाहीत, ते वेगळं." आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो.

मग म्हटलं, "बाबांनाच आम्ही कुमासीला आणलंय. यात?"

आई म्हणाली, रेंज जातेय गं, ऐकू येत नाही. फोन बंद. रेंज छान होती. तिच्यामागे कुणीतरी भांडी घासत होतं, तेही स्वच्छ ऐकू येत होतं.

सोमवार, १३ मे

आईने आज स्वतःहून फोन केला. नमस्कार नाही, काही नाही. "हवा गं. माणूस असला तर हवा."

मग म्हणाली, "तुझ्या बाबांनीच शेवटी बजावलं होतं — परीक्षेआधी कोनाडूला कळवू नका. आणि मला म्हणाले, तू तिच्याशी बोलू नकोस, लिहून पाठव. बोललीस तर ती पकडेल. पण बाळ, तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवेना."

ईस्टरच्या शनिवारी गेले. तेव्हापासून कुमासीच्या शवागारात आहेत. बाबांच्या घरच्यांनी मला तेवीस तारखेला सांगायचं ठरवलंय.

मी परवा निघतेय. बुधवार, १५ मे, कुमासीची पहिली बस.